मुंग्यांमधला माणूस

"म्हंजे जास्तीचं पैसं द्यावं का न्हाई, एवढंच सांगा, बाबा."

सोननाथबाबांनी मान वर केली नाही. ते परातीतल्या तांदळातले खडे वेचत होते.

"कशाचं पैसं?"

"टीव्हीचं."

मी मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. मला हसूच फुटलं, कारण विचारणारा होता जालिंदर शेडगे.

तालुक्याच्या बाजारपेठेत त्याचं डिशचं दुकान आहे. आमच्या भागात घरोघरी साधा डबा काढून एचडीचा डबा बसवायला लावणारा तोच. माझ्याही घरी त्यानंच बसवला. "मास्तर, थोडं जास्ती जातंय, पण चित्र बघा, चित्र!" असं म्हणून त्यानं मला गळाला लावलं. चित्र खरंच झकास येतं. बातम्या देणाऱ्या बाईच्या हनुवटीवरचा मस मला आता स्पष्ट दिसतो. बातम्या होत्या तशाच आहेत.

असा हा माणूस भर उन्हात टेकडी चढून आला होता आणि एका नाथपंथी गोसाव्याला विचारत होता की जास्तीचे पैसे द्यावेत का.

"तूच विकतोस की ते," बाबा म्हणाले.

"विकतो. म्हणून तर दुसऱ्या कुणाला विचारता येईना."

"काय दिसतं त्यात?"

"सगळं दिसतं. माणसाच्या अंगरख्याचा टाका दिसतो."

"मग आणि काय पायजे?"

बाबांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. दुसरा वेचला...

"तोंड," जालिंदर म्हणाला.

मी शेंग फोडायचा थांबलो.

*

इथं मच्छिंद्रचं सांगायला हवं. मच्छिंद्र म्हणजे जालिंदरचा थोरला भाऊ. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी तो घरातून निघाला, तो परत आलाच नाही. पोलिसांत कळवून झालं, देवाला कौल लावून झाला, काही उपयोग झाला नाही.

त्या सकाळी आमटीत मीठ जास्त पडलं होतं. मच्छिंद्रनं ताट सरकवलं. त्याची बायको छबू वैतागून म्हणाली, "मग जावा की दुसरीकडं जेवायला." हे तिनंच साऱ्या गावाला रडत रडत सांगितलं. तेव्हापासून ती आळणी जेवते. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं तिच्या पानात मीठ वाढलं की ती ते बोटानं पानाबाहेर सारते. मी पाहिलंय. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

आता बारा वर्षं भरली. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, की पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो माणूस गेला असं धरायचं. बायकोनं कुंकू पुसायचं. जालिंदरनं येत्या सोमवारचा दिवस धरला होता. पळसाच्या पानांचे भारे त्याच्या अंगणात येऊन पडले होते.

हे सगळं बाबांनाही ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं. पुढचं मात्र आम्हाला त्या दुपारी कळलं.

*

"वहिनी रोज सकाळी आरती बघती," जालिंदर सांगू लागला. "तिकडं उत्तरंला नदीच्या घाटावर असती, ती. सव्वाआठला लागती. तिच्या खोलीत जुना टीव्ही हाय, डबाबी साधा. दोन महिन्यांमागं मी च्या प्यायला गेलो, तर वहिनी टीव्हीम्होरं डोक्यावर पदर घेऊन उभी. म्हणलं, काय झालं? तर म्हणती, हे काय, हे हायत की."

"कुठं?"

"डाव्या कोपऱ्यात. खांबापाशी. पुसट दिसतं, पण दिसतं... इकडंच बघतोय."

"रोज?"

"रोज. तेवढीच पाच मिनिटं."

बाबांचा हात परातीत थांबला.

"तू बघितलंस?"

"बघितलं. दादाच वाटतो. पण तसल्या चित्रात काय, कुणीबी कसाबी वाटंल. म्हणून मी दुकानात एचडीवर लावलं. तीच येळ, तीच आरती. दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवलं." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "साध्यावर तो इकडं बघत व्हता. एचडीवर..."

"एचडीवर?"

"पाठ व्हती, बाबा."

बाहेर उन्हात एक होला घुमत होता, तेवढाच आवाज.

"त्याच खांबापाशी. तोच माणूस. कॉलरखाली ठिगळ हाय, निळ्या दोऱ्याचं. वहिनीनं घातलेलं. त्यादिवशी पांढरा दोरा संपला व्हता म्हणून निळ्यानं. ते मला मोजून सांगता येतंय, किती टाकं हायत ते. पण तोंड पलीकडं. मी घाबरून साध्यावर बघितलं, तर तिथं अजून इकडंच बघतोय."

"घाटावर गेला होतास?"

"गेलो की. दोन रात्री रेल्वेनं. त्या खांबापाशी कुणाला हुबंच ऱ्हाता येत न्हाई. पायरी संपती आणि सरळ पाणी हाय. दोन पुरुष खोल, असं नावाडी म्हणला."

माझ्या मांडीवर शेंगांचं सूप होतं. ते मी खाली ठेवलं. का, कोण जाणे.

"आता त्याच्याहून भारी टीव्ही आलाय," जालिंदर म्हणाला. त्याचा आवाज एकदम दुकानातला झाला. "फोर-के. एचडीच्या चौपट चित्र. पंचावन्न इंची. आमच्या इकडं अजून कुणी घेतला न्हाई. सोमवारच्या आत मागवता येतो. मला एवढंच सांगा, त्यात तरी तो वळंल का?"

बाबा हसले नाहीत.

"वहिनीला पाठ दाखवलीस?"

"न्हाई."

"का?"

"तिला सोसायचं न्हाई."

"आणि सोमवारची घाई कुणाला हाय? तिला?"

"भावकीला."

"भावकीला?"

"मला," जालिंदर म्हणाला.

*

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागला. त्यांच्यामागं आम्ही दोघंही आत गेलो.

मठाच्या कोनाड्यात एक टीव्ही आहे. छोटा, काळा-पांढरा, पुढं फुगीर काच. शेजारीच सरकारी प्रक्षेपण केंद्र होतं, ते बंद झालं तेव्हा तिथला माणूस जाता जाता तो बाबांना देऊन गेला. त्याचा मनोरा अजून उभा आहे. त्यावर आता घारी बसतात. टीव्हीवर अर्थातच काही लागत नाही, नुसत्या मुंग्या. बाबा रोज दुपारी घटकाभर त्या मुंग्यांसमोर बसतात. लोक म्हणतात, त्यांना त्यात काय काय दिसतं. मी नऊ वर्षं येतोय. मला मुंग्यांशिवाय काही दिसलेलं नाही, आणि मी ते लोकांना सांगतोही.

बाबांनी बटण फिरवलं. खर्रर्र... आवाज सुरू झाला. काचेवर मुंग्या वळवळू लागल्या.

"बस."

जालिंदर टीव्हीपुढं मांडी घालून बसला. धंद्यातला माणूस, त्याला राहवेना.

"बाबा, याला अर्थ न्हाई. वर मनोराच बंद हाय. चित्र यायचं कुठनं?"

"काय दिसतंय?"

"मुंग्या."

"मागं सर."

तो हातभर मागं सरकला.

"काय दिसतंय?"

"मुंग्याच की."

"अजून मागं."

तो उठून मागं गेला. भिंतीशी गेला. बाबा मान हलवत राहिले. शेवटी तो उंबऱ्याला टेकला. त्याच्या मागं दार, दाराबाहेर रणरणतं ऊन.

मग त्याच्या चेहऱ्यावरचा अविश्वास गेला.

तो दोन पावलं पुढं आला, डोळे बारीक केले. परत उंबऱ्याला गेला. परत पुढं. परत मागं...

"लांबनं दादा दिसतोय," तो कुजबुजला. "जवळ आलं की मुंग्या."

मी मान वळवून काचेकडं पाहिलं. मुंग्या होत्या. खरं तेच सांगतो, मला मुंग्याच दिसल्या.

"तुझी सावली असंल काचेत," बाबा म्हणाले. "दारात हुबा हायस."

जालिंदरनं हात वर केला. काचेकडं बघत तसाच धरला.

"न्हाई," तो म्हणाला. "त्यानं न्हाई केला."

"तोंड दिसतंय?"

"पाठच हाय. इथंबी पाठच."

"वहिनीला तोंड दिसतं. तुझ्या एचडीवर पाठ, आणि इथंबी तुला पाठच."

"व्हय."

"काय म्हणला व्हतास त्याला?"

"त्यादिवशी तो दुकानात आलाच न्हाई," जालिंदर म्हणाला. बारा वर्षं तो हेच सांगत आला होता. पोलिसांनाही हेच सांगितलं होतं.

बाबा काचेकडं बघत उभे होते. खर्रर्र चालूच होती.

"आला व्हता," जालिंदर म्हणाला.

*

त्यानं ते उभ्या उभ्याच सांगितलं. फार लांबण नव्हती.

त्याचं दुकान नवं होतं. एचडीचे डबे नुकतेच आले होते. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यातली एक शेजारच्या वाडीची म्हातारी, बाकीची बाजाराला आलेली परगावची. तिनं विचारलं, "जास्तीचं पैसं देऊ का रं बाबा? लई चांगलं दिसतं म्हणत्यात." जालिंदर बोलायच्या आत दारातून आत येणारा मच्छिंद्र म्हणाला, "नको, मावशे. तुज्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. तुला काय फरक पडायचा? त्या पैशात डोळा करून घे."

म्हातारी उठून गेली. तिच्यामागं बाकीची तीनही गेली.

मच्छिंद्र खरं बोलला होता. त्याचा सगळा जन्म ॲंटेना बसवण्यात गेला. या टेकडीवरचं केंद्र चालू होतं तेव्हा गावातलं एक छप्पर असं नव्हतं, ज्यावर मच्छिंद्र चढला नाही. तो वर पाइप फिरवायचा आणि जालिंदर खाली दारात उभा राहून आत टीव्हीकडं बघायचा. वरून हाक यायची, "आलं का?" खालून हा ओरडायचा, "मुंग्या! जरा फिरव... अजून जरा... आलं! आलं! हलू नको आता!" दिवेलागणीला गावभर ह्या दोघांचे आवाज ऐकू यायचे. आमच्या छपरावरही तो चढला होता. माणूस ओळखू आला की बास, असं मच्छिंद्र म्हणायचा.

"मी त्याला काय म्हणलो ठावं हाय?" जालिंदरचा आवाज फुटला. "तुज्या मुंग्या घेऊन जा म्हणलो. आणि परत मला तोंड दाखवू नको म्हणलो."

"मग?"

"मग काय... बघत ऱ्हायला माझ्याकडं. आणि वळला. आणि गेला. मी मागनं बघितलं, निळ्या दोऱ्याचं ठिगळ." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "संध्याकाळी वहिनी रडत आली. म्हणती, माझ्या बोलण्यानं गेलं. मी... मी काय न्हाई बोललो. त्या म्हातारीनं बाहेरनं ऐकलं व्हतं, तीबी त्याच पावसाळ्यात गेली. मग ऱ्हायलंच."

मला जालिंदरचा राग आला. खरोखरीचा राग. बारा वर्षांचं आळणी जेवण माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि पानाबाहेर मीठ सारणारं ते बोट. मी काहीतरी बोलणार होतो. पण बाबा आधी बोलले, आणि अगदी हळू.

"थोरला असून ऐकतोय की तुझं. अजून."

जालिंदर खाली बसला नाही, कोसळलाही नाही. नुसता दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. काचेतल्या मुंग्यांचा उजेड भिंतीवर थरथरत होता. त्यात त्याचं तोंड पिठासारखं पांढरं दिसत होतं.

"कसा वळंल, बाबा?" तो म्हणाला. "किती मोठा टीव्ही आणू? सांगा. कसलाबी आणतो."

बाबा टीव्हीपुढं बसले. काचेवरची नजर न काढता त्यांनी एक बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.

"फिर."

"आँ?"

"तू फिर."

जालिंदरला आधी कळलंच नाही. मग तो जागच्या जागी वळला. टीव्हीकडं त्याचा खांदा झाला.

"आलं का?" बाबांनीच स्वतःला विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "मुंग्या. अजून जरा."

तो अजून वळला. आता त्याचं तोंड उंबऱ्याबाहेर होतं. समोर मनोरा, त्यावर दोन घारी.

"अजून जरा."

तो अजून वळला. आता त्याची पाठ पुरी टीव्हीकडं होती. खाली गाव दिसत होतं, भाजून निघालेलं, चिडीचूप. पत्र्याची घरं उन्हात चमकत होती. बरोबर त्याच्या नाकासमोर शेडग्यांचं घर होतं. अंगणात पळसाच्या पानांचे भारे, आणि त्यांच्या शेजारी दाण्याएवढी दिसणारी एक बाई, काहीतरी वाळत घालत असलेली.

बाबा आता काही म्हणेनात.

खर्रर्र...

"वहिनी," जालिंदर म्हणाला. एवढ्या लांबून तिला काय ऐकू जाणार? पण तो बोलतच राहिला, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. "तुझ्यामुळं न्हाई गेला तो. माझ्यामुळं गेला. दुकानात आला व्हता. मीच म्हणलो, तोंड दाखवू नको. मी आत्ता खाली येतो आणि तुला सांगतो. सगळ्या भावकीम्होरं सांगतो. सोमवारचं काय न्हाई करायचं. ती पानं शेळ्यांना टाकतो. कुंकू न्हाई पुसायचं तू. आणि आज... आज मीठ घालून जेव गं."

तो ढसाढसा रडत होता. वळला मात्र नाही. पाठ टीव्हीकडं आणि तोंड घराकडं, तसाच उभा राहिला.

आणि खर्रर्र थांबली.

वीज गेली असं मला वाटलं. पण वर पंखा फिरत होता. टीव्हीही चालूच होता, त्याचा उजेड भिंतीवर होता. इतका वेळ थरथरणारा तो उजेड आता स्थिर झाला होता. खोलीत दिवा लावून कुणी शांत बसून असावं, तसा.

टीव्ही माझ्यापासून चार हातांवर होता. नुसती मान वळवायची होती. नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो की त्यात काही नाही, म्हणून. मी मान वळवली नाही. मी बाबांच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. ते काचेकडं बघत होते आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते, घरी आलेल्या माणसाला या म्हणावं तसे.

जालिंदरलाही ती शांतता कळली. त्याची पाठ ताठ झाली. मागं न बघता, पोरासारख्या बारीक आवाजात त्यानं विचारलं,

"आलं का, बाबा?"

बाबांनी तळहात वर धरला.

"आलं," ते म्हणाले. "हलू नको आता."